शाळा काढू नकोस गं, आधी मुलं मोज

आधी तो नावांचा कागद बाजूला ठेव बघू. 'ज्ञानज्योत', 'उडान', 'अंकुर', 'पहिलं पाऊल'... गोड आहेत सगळी. पण नाव ठरवणं हे संस्था काढण्यातलं सगळ्यात सोपं काम, म्हणून तर आपण सगळ्याजणी तिथूनच सुरुवात करतो. मी नावाच्याही पुढे गेले होते. वर्गात एक मूल यायच्या आधी माझं दोन रंगांतलं लेटरहेड छापून तयार होतं, आणि पुढे त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी वाणसामानाच्या याद्या करायचे. हस, हस.

तू घाबरलीयस, ते कळतंय मला. शाळेच्या वेळेला भिवंडीच्या शांतीनगरातल्या गल्ल्यांतून हिंडणारी पोरं बघून तुला रात्री झोप लागत नाही, आणि रजिस्ट्रेशन, ऑडिट, ऐंशी-जी हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. बघ, तू घर चालवतेस, भिशी चालवतेस, पाण्याच्या टँकरच्या हिशेबावरून सोसायटीच्या सेक्रेटरीला घाम फोडतेस. संस्थेला याहून निराळं काही लागत नाही, पावत्या तेवढ्या जास्त लागतात.

आता जे सांगणार आहे त्यानं तू नाराज होशील. शाळा काढू नकोस. खरं सांगू का, भिवंडीत शाळेच्या इमारती आहेत. मुलाला तिथपर्यंत नेणारं आणि तिथं टिकवणारं माणूस कमी पडतंय. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठीत आहेत, उर्दूत आहेत, हिंदीत आहेत, तेलुगूतसुद्धा आहेत. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षण मोफत, आणि प्राथमिक शाळा घरापासून किलोमीटरभरात हवी असं त्याच्या नियमांत आहे. त्याच कायद्यात हेही आहे की मान्यता न घेता शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर वर रोजचे दहा हजार. तुझ्या त्या पत्र्याच्या खोलीवर 'प्राथमिक शाळा' अशी पाटी लागली की कुणीतरी तक्रार ठोकणारच. 'अभ्यासवर्ग' म्हण, 'वाचनवर्ग' म्हण. मुलाचं नाव मात्र सरकारी शाळेच्या पटावर पाहिजे. पुस्तकं तिथं मिळतात, पोषण आहार तिथं मिळतो, आणि पुढच्या शाळेचा दाखला तिथूनच निघतो. तो दाखला तू देऊ शकत नाहीस. दोन वर्षं तुझ्याकडे छान शिकलेलं पोर सहावीच्या दारात कागदाविना उभं राहिलं, तर त्याच्या आईला काय सांगणार आहेस?

तर मग पहिलं काम कोणतं? एक जाड वही घे, चार गल्ल्या ठरव आणि दारोदार जा. मुलाचं नाव, वय, कुठल्या शाळेत, किती दिवस गेलं नाही, घरात कोण काय काम करतं, गावी कधी जातात. एवढंच. फोटो काढू नकोस, फॉर्म भरून घेऊ नकोस. फॉर्म दिसला की बायांना वाटतं रेशनकार्डाचं काहीतरी आहे, आणि मग खऱ्याऐवजी सोयीची उत्तरं मिळतात.

या फिरतीतच तुला खरी अडचण सापडेल, आणि ती आपण घरी बसून कल्पना केली होती त्यापेक्षा भलतीच असते. मला सापडली ती सांगते. मला वाटायचं पोरांना अभ्यासाची आवड नाही. एका खोलीत गेले तर बाप रात्रपाळी करून जमिनीवर झोपलेला, बारा तास पॉवरलूमवर उभं राहून आलेला माणूस. आई दाराशी धागा कटिंग करत बसलेली, मांडीवर कपड्यांचा ढीग. भिंतीपलीकडे कारखान्याची खटखट चालूच. आणि दुसरीतली मुलगी पुस्तक उघडून नुसते ओठ हलवतेय, कारण मोठ्यानं वाचलं तर बाप उठेल. आता बघ, वाचायला शिकणाऱ्या पोराला मोठ्यानं वाचायला जागा लागते. त्या घराला दप्तर नको होतं, शिष्यवृत्ती नको होती. दुपारी दोन तास एक रिकामी खोली हवी होती, जिथं ओरडून वाचलं तरी कुणी रागावणार नाही. तुझी संस्था एवढं जरी देऊ शकली तरी पुष्कळ आहे.

आणि त्या आईला कायदा सुनावू नकोस हं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीनं ती सगळ्याच धंद्यांना लागू झाली, शाळा सुटल्यावर घरच्या उद्योगात मदत करण्याची सवलत आहे. हे तुला माहीत हवं. पण पहिल्या भेटीत तू कायदा काढलास तर दुसऱ्या भेटीत दार उघडणार नाही. कारखान्यात कुणी पोराला राबवत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरला फोन करायचा आणि मागे हटायचं नाही.

गावाबाहेर पडलीस, पडघ्याकडे किंवा अंबाडीच्या रस्त्याला, की कारखान्यांच्या जागी वीटभट्ट्या लागतात. तिथला प्रश्न आणखी निराळा. पाऊस संपला, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन भट्टीवर येतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तिथंच राहतात. नवरा-बायको विटा पाडतात, आठ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. गावच्या शाळेत तिचं नाव असतं, ती नसते. विद्युल्लता पंडित आणि विवेक पंडित यांच्या विधायक संसदेनं १९९० च्या दशकात आपल्या ठाणे जिल्ह्यात यावर जे केलं ना, ते तू नीट समजून घे. मजूर भट्टीवर ज्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात. यांनी तशाच भोंग्यात वर्ग भरवले आणि नाव ठेवलं 'भोंगाशाळा'. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा भट्टीवर. हंगाम संपला की मूल आपल्या गावी परत जाणार, म्हणून शिकवायचं ते असं की त्याचं वर्ष बुडू नये.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? ही माणसं आधी वेठबिगारीच्या लढ्यात उतरली होती. त्यांची श्रमजीवी संघटना १९८२ ची. आई-बापाच्या डोक्यावरचं कर्ज, मालकाची दहशत हे सगळं त्यांनी आधी पाहिलं होतं, आणि म्हणून मुलाच्या गैरहजेरीचं कारण त्यांना मुलात शोधावं लागलं नाही. आपण मध्यमवर्गातल्या बायका नेमक्या उलट्या बाजूनं येतो. पाटी-पेन्सिल घेऊन जातो आणि मग हळूहळू कळतं की घरात उचल घेतलेली आहे.

आज सरकारी बाजूनं शिक्षण हमी कार्ड आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला ते गावच्या शाळेनं द्यायचं आणि इथल्या शाळेनं ते बघून वर्गात घ्यायचं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात भट्टीवरच्या आईला ते कार्ड मागायचं असतं हेच ठाऊक नसतं, आणि इथल्या शाळेला भट्टीवर मुलं आली आहेत हे जानेवारीत कळतं. या दोघांच्या मधे उभी राहणारी बाई म्हणजे तू. यासाठी कुठलीही इमारत लागत नाही गं, मोबाइलमध्ये बॅलन्स आणि चपला मजबूत लागतात.

ही कल्पना काही नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीत कामाला लागल्या, तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत डोअर स्टेप स्कूल सुरू केलं, नावातच सगळं आलं. आणि आपल्या शेजारी ठाण्यात, तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका मिळून चालवतात. एकदा जाऊन ये. एसटीनं तासाभराचा रस्ता, अंजूर फाट्याला ट्रॅफिक लागलं नाही तर. (लागतंच.)

आता शिकवायचं काय, ते ऐक. मुलाला त्याची इयत्ता विचारू नकोस, वाचायला दे. एका कागदावर वर सुटी अक्षरं, खाली सोपे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. चौथीतला मुलगा असतो, 'क', 'म', 'ळ' तिन्ही अक्षरं धडाधड ओळखतो, आणि त्यांचा 'कमळ' करायची वेळ आली की तुझ्या तोंडाकडे बघत बसतो. त्याला चौथीचा धडा शिकवून काय उपयोग? तो अक्षरांच्या गटात बसणार, आणि दुसरीतली एखादी चुणचुणीत पोर गोष्टीच्या गटात. गणिताचंही तसंच. भंगारवाल्याकडून किलोमागे किती आले ते तोंडी चोख सांगणारं पोर हातच्याची वजाबाकी कागदावर चुकवतं. पैशांची उदाहरणं घाल, पटकन येतं.

हे माझ्या मनातलं नाही बरं का. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांची 'प्रथम' १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झाली, आणि त्यांनी वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना 'बालसखी' केलं. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं घ्यायची, दिवसातून दोन तास, आणि वाचन-गणिताचा पाया पक्का करायचा. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची रीतसर तपासणी झाली, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी केली, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. मुलं खरोखर पुढे सरकली, त्यातही सगळ्यात कच्ची जास्त. आज झांबियासारख्या आफ्रिकेतल्या देशांत याच पद्धतीनं वर्ग चालतात. तू म्हणत होतीस ना की आपलं काम फार छोटं आहे, जगात कुणाला पत्ता? मुंबईच्या चाळीतली दहावी पास मुलगी जे करत होती ते जग शिकायला आलं.

तेव्हा शिकवायला मुली वस्तीतल्याच घे. त्यांना पोरांची भाषा येते. शाळेत मराठी, घरी भोजपुरी किंवा तेलुगू, गल्लीत हिंदी, या खिचडीतून वाट काढणं बाहेरून आलेल्या बी.एड. बाईंना जमत नाही. पण त्यांना पगार दे गं. सेवाभावाच्या नावाखाली कुणाच्या लेकीला फुकट राबवू नकोस. थोडा असेल, पण महिन्याच्या ठरल्या तारखेला. आणि इथं तुला एक कडू घोट गिळायचाय. देणगीदारांना पगारासाठी पैसे द्यायला आवडत नाही, दप्तरं द्यायला आवडतात. दप्तराबरोबर फोटो निघतो ना. आमच्याकडे पहिल्या उत्साहात दप्तरंच दप्तरं आली. त्यातली काही पुढे बाजारात कांदे-बटाटे वाहताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि शिवण मजबूत होती हे मान्य करायला हवं. तू मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांग: आमचा बहुतेक खर्च शिकवणाऱ्या मुलींवर होतो. दहातले सहा जण तोंड वाकडं करतील. उरलेले चार टिकतात.

भिवंडीत आणखी एक गोष्ट. मोहल्ल्यात शिरायच्या आधी मोहल्ल्याशी बोल. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर या गावाचं नाव किती खराब झालं होतं, तुझ्या सासूबाईंना विचार. १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथं पोलीस उपायुक्त होते, त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या, दोन्हीकडची साधी माणसं महिन्या-महिन्याला एकत्र बसवली, आणि ९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तुझ्या वर्गासाठीही तेच. मशिदीच्या कमिटीतले चाचा, मंदिराचे विश्वस्त, कारखान्याचे शेठ, नगरसेवकाचा माणूस, सगळ्यांना जाऊन सांग की काय करणार आहेस आणि काय करणार नाहीस. खोली यातलंच कुणीतरी देईल. पण मदरशाच्या वेळेवर वर्ग ठेवलास तर एकही पोर येणार नाही, तेवढं वेळापत्रक आधी विचारून घे. कुणाचा फोटो फलकावर लावायचा नाही हेही आधीच ठरव, नाहीतर निवडणुकीच्या वर्षी तुझी पंचाईत होईल.

बरं, कागदपत्रं. खोल श्वास घे. महाराष्ट्रात संस्था नोंदवायची तर निदान सात जण लागतात, आणि १८६० च्या कायद्याखाली संस्था व १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास अशी दोन्ही नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. आपलं काम ठाण्याला. ते सात जण नीट निवड. नवरा, नणंद, जाऊ, भाऊ असं घरातच मंडळ बसवू नकोस. सणाला झालेली कुरबुर सभेच्या इतिवृत्तात येते. एक हिशेबातली बाई हवी, एक निवृत्त शिक्षिका हवी, आणि एक असा माणूस हवा जो तुला तोंडावर 'नाही' म्हणू शकेल. पुढे कुणी राजीनामा दिला, कुणी नवं आलं, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. बहुतेक लहान संस्था इथंच अडकतात. दहा वर्षांनी बँकेत सही बदलायला जावं तर आयुक्तालयाच्या नोंदीत अजून वारलेले अध्यक्षच असतात. हिशेब ३१ मार्चला बंद, मग ऑडिट, दरवर्षी.

पण खरं सांगू का, पहिल्या वर्षी नोंदणीची घाई करूच नकोस. एखाद्या जुन्या, स्वच्छ हिशेबाच्या संस्थेकडे जा आणि तुमचा उपक्रम म्हणून वर्ग चालवू द्या म्हण. पैसे त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, काम तुझं. संस्था म्हणजे रोजचा स्वयंपाक गं, एका दिवसाचा पुरणाचा घाट नव्हे. वर्षभर चूल पेटती ठेवता येते का ते आधी बघ.

नोंदणी झाल्यावर आयकराची बारा-ए, म्हणजे संस्थेला करसूट, आणि ऐंशी-जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मिळते. रोख दोन हजारांच्या वर घेतलेस तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, म्हणून सरळ बँकेतूनच घे, आणि पावतीवर पॅन लिहून घे, कारण वर्षाअखेरीस देणगीदारांची यादी आयकर खात्याला द्यावी लागते. माणकोली, काल्हेरकडच्या गोदामांत मोठमोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी द्यायचा पैसा असतो हेही खरं. पण त्यासाठी सीएसआर-एकची नोंदणी लागते, आणि बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचं काम विचारतात. म्हणजे पहिली तीन वर्षं ओळखीपाळखीवर काढायची आहेत, हे धरूनच चाल.

आणि तुझा तो न्यू जर्सीचा मामेभाऊ. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेव. अमेरिकन नागरिक झाला असेल, तर मात्र रक्त आपलं असलं तरी पैसा परदेशी! त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी तीन वर्षांचं अस्तित्व आणि कामावर झालेला पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. त्याला प्रेमानं थांबव. 'माझ्या खात्यात टाक, मी देते' असलं काही करू नकोस, कितीही सोपं वाटलं तरी.

मुलांची सुरक्षितता हा विषय लाजत बोलायचा नाही. शिकवणारी असो की खोली उघडणारा काका, प्रत्येकाची पोलीस पडताळणी. मोठं माणूस आणि मूल बंद दाराआड एकटं नको, दार कायम उघडं. कुणाला राग आला तर येऊ दे.

घरचं बोलायचं राहिलं. आठवड्यातले तीन दिवस ठरव आणि सासूबाईंना तेच तीन सांग. 'बघू, जसं जमेल तसं' म्हटलंस की रोजच भांडण होतं. पोळ्यांना बाई लाव. त्यात काही पाप नाही.

आता सोमवारी महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिकांना भेटायला जाशील, तेव्हा तुझ्या वहीतली शाळाबाह्य मुलांची नावं घेऊन जा. 'जन्मदाखला नाही', 'ॲडमिशन बंद झाल्या' असं कुणी म्हणालं तर चिडू नकोस. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मूल त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचं असतं, हे कायद्यात आहे. प्रत पिशवीत ठेव, पण बाहेर काढायची ती शेवटी. आधी बाईंचं ऐकून घे. त्यांच्याकडे शिक्षक कमी आणि माहिती भरायची पोर्टलं जास्त आहेत. आणि मधल्या सुट्टीत जाऊ नकोस. खिचडीचं वाटप चालू असतं, कुणाला बोलायला सवड नसते. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी जा.